काउंटरच्या पलीकडची खुर्ची

मुलाखतीला मी वेळेआधी पोचले आणि चुकीच्या जागी बसले. एचआरचं ऑफिस तळमजल्यावर होतं. मी सरळ जिना चढून अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाय आपोआप तिकडे गेले. उन्हाळ्यात याच बाकावर मी बसत असे. नवरा आत होता.

दारावरच्या वॉचमनने मला ओळखलं. "ताई, आता कोण ॲडमिट हाय?"

"कुणी नाही. नोकरीसाठी आले आहे."

"मग हितं कशाला बसलाय? खाली जावा की. नावं पुकारायला लागले असतील."

मी घाईने खाली उतरले. घरून निघताना नणंद म्हणाली होती, "वहिनी, दादाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. आणि दुसरा दवाखाना नव्हता का गावात?" नव्हता असं नाही. पण ज्या शाळेच्या ग्रंथालयात मी काम करत होते तिथलं कंत्राट संपलं होतं, आणि जाहिरात इथली आली होती. रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलणाऱ्या काउंटरसाठी माणूस हवा होता; मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू येणारा. मला ती नोकरी हवी होती, एवढं मला पक्कं माहीत होतं. का हवी होती, ते मात्र आजही नीट सांगता येत नाही. दुपारी घरात बसवत नव्हतं, हे एक कारण होतंच.

आत तिघं होते. एचआरची तरुण मुलगी, एक डॉक्टर आणि वयस्कर मेट्रन. डॉक्टर मोबाइलमध्ये पाहत होते. मुलीने आधी शिक्षण विचारलं, मग म्हणाली, "समजा, एक नातेवाईक चिडलेत. त्यांना आत सोडत नाहीयेत. तुम्ही काय कराल?"

मी म्हणाले, "आम्हाला कुणी धड काही सांगत नाही, म्हणून चिडायला होतं."

"आम्हाला म्हणजे?" डॉक्टरांनी मान वर केली. "मॅडम, तुम्ही स्टाफ आहात असं समजून सांगायचंय."

मी "सॉरी" म्हणाले. पुढच्या उत्तरातही पुन्हा तेच झालं. मुलगी हसू दाबत होती. नोकरी गेली, असं मी धरून चालले.

मग मेट्रनने खुर्ची पुढे ओढली. "मी मंद्रूपकडची बाई आहे असं समजा. मराठी येत नाही मला." आणि खरोखरच तसा चेहरा करून तिने विचारलं, "नम्म मनियवरु ह्यांग अदार्री?"

आमचे हे कसे आहेत, एवढंच तिने विचारलं होतं. पण आमच्या घरात आम्ही दोघंच कन्नड बोलायचो. ते गेल्यापासून ती भाषा कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी काही ठरवायच्या आत तोंडून निघून गेलं, "अराम अदार्री. काळजी माडब्याड्री."

बरे आहेत, काळजी करू नका. मला रोज हेच सांगितलं जायचं. ते गेले त्या दिवशी सकाळीही सांगितलं होतं. काउंटरवरून हे सांगणाऱ्या मुलीचा आवाज गोड होता. ती खोटं बोलत होती की तिला तेवढंच माहीत होतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"व्हेरी गुड," एचआरची मुलगी म्हणाली. "किती शांतपणे बोललात!"

मेट्रनने मला पाणी दिलं आणि मी ग्लास रिकामा करीपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली. तिला माझी हकीकत ठाऊक होती का, कोण जाणे. मी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी त्याच मुलीचा फोन आला. निवड झाली होती. "सोमवारपासून या. येताय ना?"

मला आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली. कशासाठी निवडलं मला? त्या उत्तरासाठी? मी म्हणाले, "येते. पण एक विचारू? पेशंट कसा आहे असं कुणी विचारलं, आणि मला खरंच माहीत नसलं, तर काय सांगायचं?"

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली.

"ते ट्रेनिंगमध्ये सांगतील, मॅडम," ती म्हणाली. "बहुतेक."

तरी सोमवारी येते, असं मी पुन्हा सांगितलं.