लामीचा काठोकाठ प्याला

आमच्या हार्कस्टरव्हेन गावात सगळ्यात चांगला पब कुठला, हे सायकलवरून येणारे पाहुणे मला हमखास विचारतात. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान गावाच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे पंक्चर आणि सल्ला दोन्ही माझ्याच गळ्यात. मी माणूस बघून उत्तर देतो. पोरंबाळं घेऊन आलेल्यांना कालव्यावरच्या नव्या पबात धाडतो; तिथे रंगीत छत्र्या आहेत, पॅनकेक आहेत आणि मालकाला गावात कुणाचं नाव माहीत नाही. बिलियर्ड्सचा नाद असेल त्याला रूल्फच्या पबात. आणि ज्याचा चेहरा मला बरा वाटतो, त्याला रूल्फच्या समोर लामीकडे.

लामी म्हणजे लामेखीन होविंग. बापामागे पब तिच्याकडे आला तेव्हा ती ऐन तरुण होती, आता सत्तरी ओलांडली. लग्न केलं नाही. "रोज संध्याकाळी एवढे पुरुष बघते, त्यातला एक घरात ठेवायची इच्छा कशी होईल?" असं ती आमच्या तोंडावर म्हणते. टेबलांवर चादरीसारखे अंथरलेले गालिचे दर सोमवारी दारात उभी राहून अशी झोडपते की समोरच्या रूल्फला वाटावं, हे आपल्यासाठीच चाललंय. तसं ते असतंही. जत्रेच्या दिवशी बँडपथकाने आधी कुणाच्या दारात थांबायचं, यावरून दोघांचं जे वाजलं, ते आमच्या तरुणपणी. तेव्हापासून रस्ता ओलांडून दोघांनी एकमेकांचा उंबरा शिवला नव्हता. शिव्या मात्र रोज रस्ता ओलांडत.

लामीची खरी ख्याती जेनेव्हरची. ही आमची धान्याची दारू, छोट्या प्याल्यातून प्यायची. लामी ती नुसती काठोकाठ भरत नाही. काठाच्याही वर जराशी फुगून उभी राहील अशी भरते. प्याला उचलायला गेलात की सांडलाच. म्हणून दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, काउंटरपुढे वाकायचं, पहिला घोट तसाच ओठांनी ओढायचा आणि मगच हात लावायचा. एकदा कुणी बँकेतला बडा साहेब सरळ हात घालायला गेला.

"हात मागे!" लामी गरजली. "बँकेत लोक तुमच्यापुढे वाकत असतील. इथे तुम्ही वाका."

वाकला बिचारा. तिचा बाप असाच भरायचा, आणि त्याने म्हणे जन्मात थेंब सांडला नाही. "माझ्या हातून ज्या दिवशी सांडेल, त्या दिवशी खुर्च्या उलट्या करून दार लावीन," असं लामीने बापाला सांगून ठेवलं होतं. आम्हालाही ती हे इतक्यांदा ऐकवायची की आम्ही मनावर घेणं सोडून दिलं होतं.

गेल्या हिवाळ्यानंतर तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी ती एका हाताने बाटली धरायची, आता दोन्ही हातांनी धरू लागली, श्वास रोखू लागली. थेंब अजून सांडला नव्हता, पण आमचाच जीव वरखाली व्हायचा. मी आणि हिंडर्क, म्हणजे कालव्याच्या फाटकावरचा निवृत्त राखणदार, एकमेकांकडे बघायचो. शेवटी आम्ही नेहमीच्या मंडळींनी गुपचूप ठरवलं की लामीकडे जेनेव्हर मागायचीच नाही. बियर नळातून येते, थरथरत्या हाताला तिचं वावडं नाही.

"मला पित्त झालंय," बियर मागताना मी लामीला म्हणालो.

"आणि तुला रे?" तिने हिंडर्कला विचारलं.

"डॉक्टरांनी जेनेव्हर बंद केलीय."

"तुझा डॉक्टर काल इथेच वाकून उभा होता!"

आमचा बेत उत्तम होता, एवढंच की आमच्या जिभेला तो मान्य नव्हता. जेनेव्हरवाचून चार दिवस काढले आणि पाय आपोआप रूल्फकडे वळले. रूल्फचा प्याला बोटभर रिकामा असतो, वाकायची गरजच नाही. पण सवयीला काय म्हणावं? एका शुक्रवारी लामी आपल्या खिडकीची काच पुसायला बाहेर आली. समोर रूल्फच्या खिडकीत तिला तीन पाठी दिसल्या, हात मागे बांधलेल्या, ओळीने वाकलेल्या. त्यातली एक माझी होती.

रविवारी दुपारी आम्ही तिच्याकडे गेलो तर खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या आणि गालिचे गुंडाळून कोपऱ्यात उभे.

"या, या," लामी म्हणाली. "पित्त कसं आहे, वुब्बे? रूल्फच्या औषधाने उतरलं का?"

"लामे, तुला वाटतंय तसं नाही गं."

"मला काय वाटायचंय? माझ्या प्याल्याची चव गेली, गिऱ्हाईक गेलं. आजपासून बंद. जा तिकडे वाका!"

हिंडर्कच्या पोटात काही राहत नाही. तो कळवळून म्हणाला, "अगं बाई, तुझ्या हातासाठी केलं! सांडलं तर तू दार लावशील म्हणून!"

लामीने हात ॲप्रनखाली घेतला.

"म्हणजे गावभर झालंय तर."

"गावभर नाही, फक्त पिणाऱ्यांना माहीत आहे."

"म्हणजे गावभरच!" ती ओरडली, आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "माझी कीव केलीत रे. त्यापेक्षा सांडू दिलं असतंत."

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात दार उघडलं आणि आत आला रूल्फ. हो, रूल्फच. टोपी हातात, केस पाण्याने चापून बसवलेले. आपली जेनेव्हर अचानक का खपायला लागली, हे त्याने आदल्या रात्री हिंडर्ककडून काढून घेतलं होतं. त्याने आल्या आल्या टेबलावरची एक खुर्ची खाली उतरवली.

"एक जेनेव्हर."

"बंद आहे," लामी म्हणाली.

"बाहेर पाटी उघडं असल्याची आहे."

"मी बंद केलं तर तुझंच भलं आहे, गाढवा. आलास कशाला?"

"मग मी भांडू कुणाशी? त्या छत्रीवाल्याशी? त्याला शिवी दिली तर तो मेनूकार्ड आणून देतो."

लामीने ॲप्रनखालचा हात बाहेर काढला. मग तिने बाटली घेतली, एकाच हाताने, मुद्दाम. प्याला भरत आला, काठाला लागला, काठाच्या वर आला, आणि हात थरथरला. जेनेव्हर घळकन काउंटरवर सांडली आणि प्याल्याभोवती तिचं तळं झालं.

लामी त्या तळ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

रूल्फने हात पाठीमागे घेतले. कंबर कडकडली, तरी वाकला. प्याल्याला तोंड लावायच्या आधी त्याने काउंटरवरचं तळं शांतपणे ओठांनी ओढून घेतलं, मग प्याल्यातला घोट घेतला आणि मिशा पुसत सरळ झाला.

"माझ्याकडे प्याल्यात असेल तेवढंच मिळतं," तो आमच्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाला. "ही बाहेरचंही देते. मग माझ्याकडे कोण मरायला येईल?"

हिंडर्क हसता हसता रडायला लागला. लामीने फडकं उचललं, काउंटर पुसायला पुढे केलं, आणि तसंच खांद्यावर टाकलं. आम्ही भराभरा खुर्च्या उतरवल्या. तिने काउंटरवर ओळीने प्याले मांडले आणि पहिला भरायला घेतला. हात थरथरला आणि मघापेक्षाही जास्त सांडलं.

"हे मुद्दाम सांडलंय," लामी म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी हात मागे घेतले.