शुक्रवारी चार्ज न होणारी गाडी

"मॅडम, आमची गाडी शुक्रवारी चार्जच होत नाही."

फोनवर सरिता जाधव होती. मला हसू आलं. म्हणाले, "अहो, विजेला वार कळत नाही. तिला सोमवार काय नि शुक्रवार काय."

"हसू नका. आजही शुक्रवारच आहे. सकाळपासून चार्जरवर लाल दिवा आहे आणि उद्या सकाळी मला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये पोचायचंच आहे."

तिच्या आवाजात रडू दाबलेलं होतं. मी हसणं थांबवलं, टूलबॅग स्कूटरवर टाकली आणि अंबरनाथहून बदलापूर गावात निघाले.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. आधी बरीच वर्षं एका कंपनीत मेंटेनन्सला होते, मग स्वतःचं लायसन्स काढलं. घरांची वायरिंग, सोसायट्यांचे पॅनल अशी कामं करते. हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जिंग पॉइंट फार येतात आणि ते काम मला मनापासून आवडतं. लोक गाडीचा रंग निवडायला महिना घालवतात आणि ती चार्ज कुठे करायची हे डिलिव्हरीच्या दिवशी विचारतात. मग माझी आठवण होते.

सरिता फिजिओथेरपिस्ट. ज्यांना दवाखान्यात नेता येत नाही अशा पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात ती आणि सासू-सासरे. रिक्षा बदलत बदलत दिवसाला दोनच पेशंट व्हायचे, म्हणून तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून ही गाडी घेतली होती.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या मोहिनी आंटी तिच्या पेशंट. लकव्याने एक बाजू गेलेली. आंटी आता आधाराने उभ्या राहायच्या बेताला आल्या होत्या आणि नेमके याच वेळी गाडीपायी दोन सेशन बुडले. आंटींच्या मुलाने सरळ सांगितलं होतं, "दीदी, आप अच्छे हो. लेकिन एक और गॅप हुआ तो मुझे दुसरा आदमी देखना पडेगा."

"बाहेर चार्ज नाही केलीत?" मी अंगणात पाय ठेवताच विचारलं.

"केली ना. हायवेच्या फास्ट चार्जरवर गेले. तिथली चार्जिंगची एक गन बंद, दुसरीला आधीच दोन गाड्या लाइनीत. माझा नंबर लागेपर्यंत आंटींची वेळ टळली."

सासरे, म्हणजे नाना, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. केमिकल कंपनीतून प्रॉडक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "मी रविवारी गिऱ्हाईक बोलावलंय. गाडी द्यायची नि सीएनजी घ्यायची. रोजची ही कटकट कोणी सांगितलीय?"

सरिता जमिनीकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही नुसती लाल दिव्याची गोष्ट नाही. गाडी गेली की ही बाई पुन्हा दोन पेशंटवर येणार होती आणि घरात जन्मभर 'आम्ही सांगितलं होतं' ऐकणार होती.

घरी चार्जिंगचे दोन प्रकार. एक गाडीबरोबर मिळणारा छोटा चार्जर. तो पंधरा अँपिअरच्या, म्हणजे गीझरला असतो तशा जाड पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा. सावकाश चालतो, पण रात्रभरात पुष्कळ भरतो. दुसरा भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर. तो भरभर भरतो, पण त्याला जाड वायर लागते आणि बहुतेक वेळा मीटरचा लोडही वाढवून घ्यावा लागतो. सरिताकडे पहिला होता. तो चार्जर फार शिस्तीचा असतो. करंट सोडण्याआधी घरातलं अर्थिंग तपासतो. अर्थिंग म्हणजे घरातल्या विजेची जमिनीत उतरणारी चोरवाट. कुठे गळती झाली तर करंट माणसातून न जाता त्या वाटेने जमिनीत जावा, म्हणून ते असतं. वाट नीट सापडली नाही की चार्जर लाल दिवा लावून संपावर जातो.

पण मग तो फक्त शुक्रवारीच संप का करतो?

येताना स्कूटरवर मला एक भन्नाट थिअरी सुचली होती. आमच्या पट्ट्यातल्या एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. मशीन बंद, म्हणजे लाइनवरचा लोड कमी, म्हणजे व्होल्टेज चढणार आणि चार्जर घाबरून बंद पडणार. मी स्वतःवर इतकी खूश होते की गड जिंकल्यासारखा व्होल्टेज मोजायचा मीटर बाहेर काढला. व्होल्टेज अगदी शहाण्या मुलासारखं जागेवर होतं. थिअरी तिथेच कचऱ्यात गेली.

मग अर्थिंग मोजलं. फारच वाईट निघालं. पण जे अर्थिंग आज वाईट आहे ते काल बरं कसं असेल?

नाना उठून आले. "मॅडम, उगाच डोकं कशाला खाजवताय? सॉकेटमध्ये न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरचा, तुकडा काढून अर्थिंगच्या पिनला जोडा. चार्जरला कळतसुद्धा नाही. आमच्याकडे कंपनीत लोक करायचे."

"करायचे, माहितीये मला. आणि दिवाही हिरवा लागेल," मी म्हणाले. "पण नाना, पुढे कुठे ती न्यूट्रल सुटली ना, तर अख्खा करंट गाडीच्या पत्र्यावर येईल. चार्जर इशाराही देणार नाही. काकू धुतलेले कपडे घेऊन ओल्या अंगाने गाडीला खेटून जातात की नाही?"

नानांनी कपड्यांच्या दोरीकडे पाहिलं. दोरी गाडीच्या बरोबर वर होती.

"मी नाही करणार," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला करूही देऊ नका."

ते परत खुर्चीत जाऊन बसले. मी सरिताकडे वळले. "आता मला वार सोडून सांगा. कधी होते चार्ज?"

"सकाळी होते बहुतेक. दहाच्या सुमाराला लावली की दुपारपर्यंत छान चालते. रात्री लावली की लाल. रविवारी तर मस्त, संध्याकाळपर्यंत. घरात सगळे चेष्टा करतात, गाडी नानांसारखी आहे, चहा झाल्याशिवाय कामाला लागत नाही."

सकाळी चालते, रात्री नाही. रविवारी सगळ्यात छान. शुक्रवारी अजिबात नाही. बंद मशीनसमोर उभं असताना उत्तर जवळपास आहे पण दिसत नाही, तो क्षण मला अजूनही पगारापेक्षा प्रिय आहे.

"सकाळी घरात काय चालू असतं? पंप?"

आतून काकू, म्हणजे सरिताच्या सासूबाई, बाहेर आल्या, पदराला हात पुसत. "पंप असतो की. पन आज कुठला पंप? शुक्रवारचं पानी नसतंय नळाला. धुनंपन नाय. कालच्या दिवशी धुतेलं तेवढंच."

"रविवारी?"

"रविवारी तर चादरी, पडदे, सगलं काढते मी. दुपार होते."

"काकू, धुणं कुठे धुता तुम्ही?"

त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे भिंतीला लागून धुण्याचा दगड होता. दिवाळीत नानांनी अख्ख्या अंगणाला लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते, एकदम गुळगुळीत. त्या दगडाजवळच्या फटींत तेवढं शेवाळ धरलं होतं. आणि मीटरच्या पेटीतून निघालेली हिरवी वायर भिंतीवरून खाली येऊन बरोबर तिथेच ब्लॉकखाली गडप झाली होती.

मी उकिडवी बसले आणि एकटीच हसायला लागले. सरिताला वाटलं मॅडमला ऊन लागलं.

जुन्या पद्धतीच्या अर्थिंगमध्ये जमिनीत पाइप पुरून भोवती कोळसा नि मीठ भरतात. त्याला ओल लागते. म्हणून तोंड उघडं ठेवतात आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालतात. नानांनी त्या तोंडावरच ब्लॉक बसवले होते. चिखल होत होता म्हणे. खालचा मुरूम सुकून ठणठणीत. रोज सकाळी धुण्याचं पाणी फटींतून झिरपायचं तेवढा वेळ पाइप जमिनीशी बोलायचा आणि गाडी चार्ज व्हायची. रात्रीपर्यंत सगळं कोरडं. शुक्रवारी पाणी नाही, धुणं नाही, म्हणून गाडी उपाशी. सरिताची गाडी इतके दिवस सासूच्या धुण्यावर चालत होती.

"काकू, एक बादली पाणी द्या."

"आज?" काकूंचा चेहरा बदलला. "ड्रममधी आहे तेवढंच आहे. उद्यापरत पुरवायचं. भांडी कशानं घासू?"

"एकच बादली."

"सरितासाठी हवंय का तुम्हाला?"

"सरितासाठीच."

काकूंनी सुनेकडे पाहिलं. मग आत जाऊन बादली आणली. काठोकाठ नव्हती, पण होती.

मी माझा जुना टेस्ट लँप काढला. पिवळा, तारेचा साठ वॉटचा बल्ब. हल्ली हे बल्ब सहज मिळत नाहीत, मी जपून ठेवलेत. एक टोक फेजला, म्हणजे करंट येणाऱ्या वायरला, दुसरं त्या हिरव्या वायरला. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब झगझगीत पेटतो. हा प्रयोग घरी कोणी करू नये, मीसुद्धा सगळ्यांना व्हरांड्यावर चढवलं, मगच स्विच दाबला. बल्बची तार नुसती विस्तवासारखी लाल झाली, उजेड नाहीच. स्विच बंद केला. धुण्याच्या दगडाजवळ बादली हळूहळू ओतली, मागे सरले, थोडा वेळ थांबून पुन्हा स्विच दाबला.

बल्ब आता पिवळा पेटला. आणि आम्ही बघत असतानाच, पाणी खाली उतरत गेलं तसा तो आणखी उजळत गेला.

सरिता पायरीवर बसली. नाना चष्मा काढून पुसत होते. "धुण्याचं पाणी," ते स्वतःशीच म्हणाले. "अरे बापरे."

मी टेस्ट लँप सोडवला. पण बादलीवर गाडी चालवायची नसते. बल्ब पेटला म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही, आणि तासाभराने ते पुन्हा सुकणारच होतं. घराच्या मागे गेले. तिथे मोरीचं पाणी सोडलेली केळीची चार रोपं होती. माती काळी, मऊ, पावलं रुतावीत इतकी ओली. आज पाणी नसूनही ओल टिकलेली. जागा ठरली. स्टेशनजवळच्या ओळखीच्या दुकानातून तांब्याचा मुलामा दिलेला लांब रॉड मागवला. घण माझ्याकडे होता, पण दोन ठोक्यांनंतर नानांनी तो माझ्या हातातून घेतला.

"माझ्या ब्लॉकने झालंय ना," ते म्हणाले, आणि ठोकायला लागले. मध्ये मध्ये दम घेत, पण दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

नवी हिरवी वायर मीटरच्या पेटीपर्यंत नेली. गळती होताच वीज तोडणारा स्विच, आरसीसीबी, तोही पेटीत बसवला, आधी तो नव्हताच. टेस्टरवर अर्थिंग मोजलं. उत्तम. अंधार पडायच्या आत सरिताने गन गाडीत लावली.

हिरवा दिवा लागला, शुक्रवारी.

"आता तो भिंतीवरचा मोठा चार्जर बसवू या का?" सरिताने विचारलं. "आणि बाहेरच्या फास्ट चार्जरचा पास काढू?"

"रोज फिरता किती?"

"बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. आणि घर."

"मग काही नको. गाडी रात्रभर इथेच उभी असते. जिथे झोपते तिथेच तिला सावकाश भरा. फास्ट चार्जर म्हणजे हॉटेल. नाशिकला, पुण्याला जाताना ठीक. रोजचं जेवण घरचंच बरं."

नाना म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःचाच धंदा बुडवताय."

"पुढच्या गाडीला बसवू," मी म्हणाले. ते पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंबरनाथला एका पॅनलमध्ये डोकं घालून बसले होते, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर सरिताचा चेहरा नव्हता. समोर पलंगाच्या कठड्याला धरून एक गोऱ्या, बारीक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. पाय थरथरत होते. सरिताचा एक हात त्यांच्या कमरेमागे दिसत होता.

"बेटा," मोहिनी आंटी जड जिभेने म्हणाल्या, "मैं खडी हूँ."

मी पॅनलसमोर रडले. माझा हेल्पर दुसरीकडे बघत राहिला, भला माणूस.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नानांनी त्याला चहा पाजला, अंगण दाखवलं, मग मागे नेऊन केळीतला रॉड दाखवला आणि परत पाठवलं.

आता कोणी गाडी घ्यायची म्हणून विचारायला आलं की एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते हेच विचारतं. ते मी शेवटी सांगते. आधी विचारते, गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथल्या जमिनीत ओल आहे का. लोकांना वाटतं बाईला शेतीचं काहीतरी विचारायचंय.

परवा त्या गल्लीत काम होतं म्हणून जाधवांकडे डोकावले. वार शुक्रवार. नळाला पाणी नव्हतं. गाडी हिरव्या दिव्यावर निवांत चार्ज होत होती. मागे काकू ड्रममधून तांब्या भरून केळीच्या बुंध्याशी, बरोबर रॉडवर, पाणी ओतत होत्या.

"काकू, आता गरज नाही हो त्याची. माती ओलीच आहे."

"असू दे," त्या तांब्या उपडा करत म्हणाल्या. "तिला लांब जायचंय."