चंद्री कुणाच्या नावावर

कोल्हापूरला जायचं ठरलं ते झोपेत. शालनचा फोन आला तेव्हा माझी वामकुक्षी चालू होती, आणि त्या अवस्थेत मी कशालाही हो म्हणते हे तिला हॉस्टेलच्या दिवसांपासून ठाऊक आहे. राधानगरीजवळ वहिनीकडे जाऊ, चार दिवस, थंडी आहे, धुकं आहे, तुला लोळायला बरं, एवढं तिनं सांगितलं. मी नीट जागी झाले तेव्हा तिकीट काढून झालं होतं. शालन कोल्हापुरात राहते, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही, हे तिचं जुनं तंत्र.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आत नंबर घालायचा, हे माझं काम. त्यामुळे बिननंबराची वस्तू दिसली की माझे हात अजूनही शिवशिवतात.

स्वारगेटहून सकाळची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिडकीची जागा मिळाली की राणीसारखं वाटतं. रस्त्याचं काम जागोजागी चालू आहे, तेव्हा तुम्ही जाणार असाल तर सात तास धरूनच निघा आणि सोबत उशी घ्या. कराडनंतर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. त्यांच्या मागे गाडी हळू झाली की मला डुलकी लागायची आणि गाडीनं वेग घेतला की जाग यायची. असं करत करत कोल्हापूर आलं.

संध्याकाळी शालन मला गंगावेशीत घेऊन गेली. इथे कट्ट्याशी म्हशी बांधलेल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून दुधाचा ग्लास हातात देतात. वर चार बोटं फेस. मी तो कोमट ग्लास दोन्ही हातांत धरून उभी राहिले आणि सगळी पेठच मला जरा हळू चालताना दिसायला लागली. समोरची म्हैस डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. तिच्या कानात पिवळाधमक बिल्ला होता आणि त्यावर बारा आकडे.

मी ते वाचायला पुढे झाले तसा दूधवाला म्हणाला, "पावणं, तेवढं वाचून काय करतायसा? आमच्या बी ध्येनात ऱ्हात न्हाय."

मग ग्लास संपेपर्यंत त्यानं मला सगळं समजावलं. बिल्ला नसेल तर जनावर बाजारात विकता येत नाही, गाडीत घालून नेता येत नाही, सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही, आणि वीज पडून मेलं तर भरपाईही नाही. नंबर टाकला की मालकाचं नाव, फोन, म्हशीचं वय, लस कधी दिली, सगळं मोबाईलवर दिसतं. मला तर ऐकूनच बरं वाटलं. नंबर नसलेलं पुस्तक हरवलं तर हरवलं असंसुद्धा लिहिता येत नाही, हे मी शालनला ऐकवलं. ती एरवी लगेच उत्तर देते. या वेळी उत्तर रंकाळ्यापर्यंत लांबलं, आणि तिथे शेंगा खाताना तिनं मला मुळात का बोलावलं होतं ते सांगितलं.

तिच्या वहिनीकडे, म्हणजे हौसावहिनीकडे, एक म्हैस आहे. चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. ती गावातल्या आबा पाटलांनी वाट्यानं दिलेली. या भागात ही जुनी रीत आहे. ज्याच्याकडे गोठा आणि रान आहे तो आपली रेडी दुसऱ्या घरी वाढवायला देतो. चारा-पाणी, शेणघाण वाढवणाऱ्यानं करायची, दूधही त्याचंच. ती व्यायली की पहिलं रेडकू मालकाचं, दुसरं वाढवणाऱ्याचं, तिसरं पुन्हा मालकाचं. म्हैस मात्र दोघांची, निम्मी निम्मी. कागद नाही, सही नाही. वहिनीच्या सासऱ्यांपासून पाटलांचं आणि यांचं असंच चालत आलेलं.

चंद्रीचं पहिलं रेडकू ठरल्याप्रमाणे पाटलांकडे गेलं होतं. आता ती पाच महिन्यांची गाभण होती, आणि हे दुसरं हौसावहिनीचं. पण आबांचे गुडघे गेले. त्यांचा मुलगा दिलीप पुण्यात नोकरीला, तो त्यांना कायमचं घेऊन चालला होता. गोठ्यातल्या पाच म्हशी आणि सहावी चंद्री, अशा सहा त्यानं पेठ वडगावच्या एका व्यापाऱ्याला ठरवून टाकल्या होत्या. हौसावहिनी त्याला म्हणाली होती की पोटातलं माझं आहे. त्यावर दिलीपनं विचारलं होतं, कुठं लिहिलंय? कानातला बिल्ला एकच, त्यावर मालक एकच.

"आन बिल्ला तर आबांनी मारून घेतला, वहिनी शेताला गेलती तवा," शालन म्हणाली. "तू नंबरवाली. तुला कायतरी सुचंल म्हणून बोलावलं बघ."

माझ्या रजिस्टरात प्रत्येक पुस्तकापुढे एकच रकाना होता, आणि एका पुस्तकाचे दोन मालक असतील असा विचार मी तीस वर्षांत केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रंकाळा स्टँडवरून राधानगरीची गाडी धरली. हा रस्ता दिवसा करा आणि डावी-उजवी भांडू नका, दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. भोगावती मधूनच दिसते, मधूनच उसात शिरते. गुऱ्हाळांचा गोड धूर खिडकीतून आत येतो. पुढे डोंगर जवळ आले तशी हवा गार झाली, आणि भर सकाळी दहा वाजता धुकं शेतांवर नुसतं बसून होतं. फाट्यावर उतरून अर्धा तास चालावं लागतं. रिक्षा मिळते, पण घेऊ नका.

हौसावहिनी दारातच भेटली. उंच, बारीक, डोक्यावर पदर घट्ट. शालनशी जयभीम झाला आणि मला हाताला धरून तिनं थेट गोठ्यात नेलं. घर नंतर, आधी म्हैस. चंद्रीनं माझा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"माणसं वळकती ती," वहिनी म्हणाली. "मी सोडून कुणाच्या हातानं हालत बी न्हाय."

तो दिवस मी स्वप्नात असल्यासारखा काढला, आणि खोटं कशाला बोलू, सुखात काढला. नाचणीची भाकरी, ठेचा, दह्याची वाटी. घरात एक मोठी खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सतरंजी. जेवून पडलं की गोठ्यातली रवंथ ऐकू यायची. वहिनी दुपारभर चंद्रीशी बोलत होती. पाणी पी, पाय उचल, माशी बसलीया थांब. आवाज एकसुरी, लाडाचा अजिबात नाही. मधेच ती गप्प झाली म्हणून मी उठून बघितलं. चंद्रीच्या पोटावर तळवा ठेवून ती उभी होती. आतलं हललं की तिचा हात किंचित उचलला जायचा. मी परत येऊन पडले.

संध्याकाळी आम्ही तिघी पाटलांकडे गेलो. आबा पडवीत खुर्चीवर होते, पायाशी बांधाबांध केलेल्या पिशव्या. दिलीपनं आम्हाला चहा दिला. मुलगा वाईट नाही. दर महिन्याला रजा काढून तो बापासाठी गावाला येतो, आता त्याला ते झेपत नाही. व्यापारी सहा घेतल्या तरच येतो म्हणतो, असं त्यानं आम्हाला पुन्हा सांगितलं. वहिनीनं आबांकडे बघितलं. आबांनी पिशवीची गाठ सोडली आणि परत मारली. ज्या पोराच्या घरी उद्यापासून जेवायचं त्याच्यासमोर काय बोलावं, हे त्यांना कळत नसावं.

बाजाराच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत टेम्पो आले. पाच म्हशी चढल्या. चंद्री काही चढेना. दोघांनी ओढलं, एकानं मागून रेटलं, तिनं पाय रोवले. शेवटी दिलीप वहिनीकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला की तुम्हीच चढवा. वहिनीनं दावं हातात घेतलं, चल म्हणाली, आणि चंद्री तिच्या मागोमाग फळीवरून वर गेली. मला त्या वेळी दिलीपचा राग आला आणि वहिनीचा त्याहून जास्त. वहिनी खाली उतरलीच नाही. ती टेम्पोत चंद्रीशेजारी उभी राहिली, आणि आम्ही दोघी आबांच्या गाडीत मागे बसलो.

वडगावचा जनावरांचा बाजार बघायचा तर सकाळी लवकर पोचा. धुक्यात नुसती शिंगं दिसतात आणि घंटा ऐकू येतात, मग हळूहळू खाली म्हशी उमटतात. चहा, भजी, मिसळ सगळं तिथेच मिळतं. पण आत जायच्या आधी फाटकाशी बिल्ले तपासतात. एक चष्मेवाले कारकून मोबाईल घेऊन प्रत्येक कान धरत होते आणि मालकाचं नाव मोठ्यानं वाचत होते. पाच वेळा आबांचं नाव आलं. सहाव्या वेळी त्यांनी चंद्रीचा कान पुसला, आकडे पुन्हा टाकले.

"हौसाबाई कोण?"

वहिनीला वाटलं तिला रांगेतून बाजूला व्हायला सांगतायत. ती दोन पावलं मागे सरली. कारकुनांनी पुन्हा विचारलं, ही म्हैस हौसाबाईंच्या नावावर आहे, त्या आल्यात का?

दिलीप आबांकडे वळला. आबा काठी टेकत गाडीतून उतरले. त्यांनी सांगितलं ते असं. बिल्लेवाल्या मॅडम आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, नाव आणि फोन कुणाचा लिहू? का, असं आबांनी विचारलं. जनावराचं काही असलं तर फोन करायला लागतो, असं मॅडम म्हणाल्या.

"मग चंद्रीला काय झालं तर मला फोन करून काय उपेग?" आबा म्हणाले. "म्या काय करनार? जी धार काढती तिचं लिव्हा म्हनलं. ह्यात काय चुकलं?"

वहिनी पुटपुटली की तेव्हा फोनवर इंग्रजीत कायतरी आलं होतं, तिला वाटलं रिचार्जचं असेल. शालननं कपाळावर हात मारून घेतला. घरात शिक्षिका असून तो मेसेज कुणी वाचला नव्हता.

व्यापारी घाई करत होता. कारकून म्हणाले, मालकीणबाईंची तयारी असेल तर नाव बदलता येईल, त्यांच्या फोनवर आकडा येईल तो सांगायचा. दिलीप तिच्याजवळ गेला. वहिनी, तेवढा आकडा सांगा, असं अगदी हळू म्हणाला. वहिनीनं फोन कमरेच्या पिशवीतून काढला, हातात धरला, आणि दिलीपला नाही, आबांना विचारलं.

"आबा, तुम्ही बोला. तुम्ही म्हनाल ते मला मान्य हाय."

आबांनी आधी पोराकडे बघितलं. मग म्हणाले, "पोटातलं तुझंच हाय. आन पोट हिकडं इकून पोटातलं तुला कसं द्याचं? ने जा तिला."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी मी आलो, मी गेलो असं बोलतात. हौसावहिनीनं दावं मनगटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "मी घेऊन जातो. पर आबा, कानात माझं नाव असलं म्हणून वाटा मोडत न्हाय. म्हस निम्मी तुमची. तिसरं तुमचं. पुण्यात असा न्हायतर कुठं बी असा."

व्यापाऱ्यानं कुरकुर करत पाच म्हशी घेतल्या. दिलीपनं तासभर तोंड फुगवलं आणि मग स्वतःच चंद्रीसाठी परतीचा टेम्पो ठरवला. येताना वहिनी पुन्हा मागे उभी होती, आणि आबा वळून वळून तो टेम्पो येतोय ना ते बघत होते.

पुण्याला आल्यावर मी बरेच दिवस त्या बारा आकड्यांचा विचार करत होते. नियमाशी माझं भांडण नाही. लस वेळेवर मिळते, चोरीचं जनावर सापडतं, हे चांगलंच आहे. पण दोन-चार म्हशींच्या घरांत एक जनावर दोन चुलींचं असतं, आणि त्या यादीत दुसऱ्या चुलीला जागा नाही. चंद्रीचं निभावलं ते एका म्हाताऱ्यानं प्रश्नाचा अर्थ आपल्या परीनं घेतला म्हणून.

मे महिन्यात कोल्हापूरच्या गाडीनं एक बाटली आली. चंद्री व्यायली होती, तिचा चीक होता. त्यातला निम्मा आबांना द्या, असा वहिनीचा निरोप. मी गूळ, वेलदोडा घालून खरवस उकडला आणि डबा घेऊन दिलीपच्या नवव्या मजल्यावरच्या घरी गेले. आबा गॅलरीत बसले होते. समोर दुसऱ्या इमारती. त्यांनी एक वडी तोंडात ठेवली आणि डोळे मिटले.

"रेडा का रेडी?"

रेडी, मी म्हटलं. तिच्याही कपाळाला ठिपका आहे. बिल्ला मारायला मॅडम येतील तेव्हा फोन वहिनीचाच देणार आहेत.

"बराबर हाय," ते म्हणाले. मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी जुना बटणांचा फोन काढून मला दाखवला. "पोरगा म्हनतोय, आबा, हितला नवा नंबर घेऊया, ह्याला रेंज न्हाय. म्या न्हाय म्हनलं. तिसरं व्यायल्यावर हौसा फोन कुठं करनार?"

फोन लागतो तो फक्त गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणून त्यांची खुर्ची तिथेच असते, असं दिलीपच्या बायकोनं मला लिफ्टपर्यंत सोडताना सांगितलं.