ब्रेकच्या ड्रमावर करंगळीचं नख

माझ्या उजव्या करंगळीचं नख मी कधी बारीक कापलं न्हाई. भाकरी थापताना ते पिठात रुतायचं आणि सासूबाई म्हणायच्या, एका बोटापुरते काय राणीसाहेबाचे थाट हायेत. त्यांना खरं माहीत होतं, तरी म्हणायच्या. ते नख जीपसाठी होतं.

आमचे मालक जीप चालवायचे. मिलिटरीतून निघालेली जुनी जीप, वरून ताडपत्री, आत दाटीवाटीनं माणसं. आमचं गाव येलदरीच्या वरच्या अंगाला. धरणाकडं जायला एक लांब, वळणावळणाचा उतार होता, डाव्या हाताला खोल खाली पाणी. त्या उतारानं ब्रेक लय तापायचे. चाकाच्या आत ब्रेकचा ड्रम असतो, बिडाची गोल परातच म्हणा ना, तिच्या काठाला आतून पट्ट्या घासल्या की चाक थांबतं. रोज तापून, रोज निवून त्या बिडाला आतून केसासारख्या चिरा पडायच्या.

चिरा पडल्या म्हणून कुणी ड्रम टाकून देत न्हाई. मालक म्हणायचे, कपाळावर आठ्या पडल्या म्हणून माणूस लगेच मरतो का? नखाला लागत न्हाई तोवर चालवायचा. नख अडकलं की ड्रम संपला, मग त्याच्यावर एक फेरीसुदिक न्हाई. पण त्यांची स्वतःची नखं पान्यांनी बोथट झालेली, बोटांचं कातडं टायरासारखं. म्हणून नख माझं.

अमावास्येला जीप बंद असायची. आमच्याकडं त्या दिवशी औत धरत न्हाईत, मग जीपनं तरी का राबावं, असं त्यांचं म्हणणं. अंगणातल्या लिंबाखाली ते चाकं उतरवायचे, रॉकेलच्या फडक्यानं ड्रम पुसायचे आणि मला हाक मारायचे. मी पदराला हात पुसून पोत्यावर बसायची आणि डोळे मिटायची. डोळे उघडे असले की बोटाला नीट कळत न्हाई. करंगळी आतल्या अंगानं फिरवत न्यायची. गुळगुळीत, गुळगुळीत, मग जराशी खरखर, परत गुळगुळीत. पापण्यांवर लिंबाची सावली हलायलीय, कुठंतरी होला घुमायलाय. मला वाटायचं, मी त्या उताराच्याच अंगावरून बोट फिरवायलेय आणि एकेक वळण बोटाखाली यायलंय. मालकांनी दिवसाउजेडी, माणसांत, माझा हात कधी धरला न्हवता. पण त्या वेळी माझ्या करंगळीकडं असे बघत बसायचे की मिटल्या डोळ्यांनीही मला लाज यायची.

माझं माहेर चारठाण्याचं. माझ्या वडलांनी, आबांनी, ही सोयरीक मनापासून केली न्हवती. भावकीनं रेटली म्हणून केली. ड्रायव्हरचा काय भरवसा, सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीला घरी येईलच असं काय हाय, हा त्यांचा घोर. मालक मला न्यायला माहेरी यायचे आणि आमी निघालो की आबा जीपच्या चाकाकडं बघत उभे राहायचे. माझ्याकडं न्हाई, चाकाकडं. मला तेव्हा त्याचं वाईट वाटायचं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. गावागावांत ताण होता आणि त्या आठवड्यात आमच्या बाजूच्या एसट्या बंद पडल्या होत्या. येलदरीला मासळी न्यायला आलेल्या चारठाण्याच्या माणसानं मालकांजवळ निरोप दिला की आबांनी अंथरूण धरलंय, जेवणाकडं बघंनात, लेकीची आठवण काढायलेत. मालक म्हणाले, उद्या अमावास्या हाय, ड्रम बघू आणि परवा उजाडताच जीप काढू. मी आबांना आवडते ती जवसाची चटणी कुटली आणि पिशवी भरून दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या चाकाच्या ड्रमात नख फिरवलं. ते अर्ध्यावर गेलं आणि अडकलं. लय न्हाई, सुताला गाठ लागावी तेवढं. मी डोळे उघडलेच न्हाईत. परत फिरवलं, या वेळी हलक्या हातानं, जसं काही हात हलका ठेवला की बीड सांधून येईल. तिथंच अडकलं. देवा, मी मनात म्हणले, अजून एक दिवस थांबला असतास तर तुझं काय गेलं असतं?

"काय?" मालकांनी विचारलं.

"जरासं लागायलंय. पहिल्या गेरात उतरू की. आबा वाट बघायलेत."

त्यांनी फडकं पिळून दगडावर ठेवलं. मग म्हणाले, "म्या तुझ्या नखाला इचारलं, तुला न्हाई."

मला असा राग आला म्हणता! नवा ड्रम परभणीहून यायचा, तोही एसटी चालू झाल्यावर. तोवर आबा राहतात का न्हाई कोण सांगणार? तुमचा बाप असता तर हाच ड्रम तुमाला साबूत दिसला असता, असंसुदिक बोलून गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ड्रम पालथा घातला आणि बाहेर निघून गेले. मी चुलीपुढं रडत बसले आणि भाकरी करपली.

पहाटे त्यांनी मला उठवलं. दारात सायकल उभी होती, शेजारून मागून आणलेली. कॅरेजवर गोधडीची घडी बांधली होती. ब्रेकची रबरं नवी घातली होती, ते मला नंतर दिसलं.

उतार आमी पायी उतरलो, ते सायकल धरून पुढं आणि मी मागं. त्या उतारानं मी कधी चालले न्हवते. पाण्यावर धुकं बसलं होतं, खाली नुसता कापसानं भरलेला खड्डा. त्यात कुठंतरी मासे धरणारी माणसं बोलत होती, पण माणसं दिसत न्हवती, होड्या दिसत न्हवत्या. वळणं मात्र मला ओळखीची वाटली. इथं गुळगुळीत, इथं खरखर. कुठल्या वळणावर माझा राग उतरला, मला कळलंच न्हाई. सपाटीला लागल्यावर मी कॅरेजवर बसले आणि पोटरीत आलेली ज्वारी हळूहळू मागं सरकायला लागली. भर रस्त्यात मी त्यांच्या सदऱ्याला धरून बसले होते. कुणी बघितलं तर बघितलं. मला भलतंच सुख वाटायलं होतं, आणि बाप अंथरुणावर असताना असं वाटतंय म्हणून भीतीही वाटत होती.

जिंतूर मागं टाकून चारठाण्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आबा बाजेवर होते, पार वाळून गेलेले. त्यांनी आधी माझ्या पाठीमागं बघितलं.

"जीप कुठंय?"

मी सांगितलं. नख अडकलं म्हणून यांनी जीप काढली न्हाई. मी लय भांडले, तरी काढली न्हाई. आबांनी दाराकडं बघितलं. जावई घामानं भिजलेले, सायकल भिंतीला टेकवत होते. आबांनी माझा हात ओढून घेतला आणि डोळे मिटून करंगळीच्या नखावरून अंगठा फिरवत राहिले.

"आता मला घोर न्हाई," म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी माझ्या हातानं दूधभाकर खाल्ली. आमी निघालो तेव्हा त्यांनी चाकाकडं बघितलं न्हाई. पडल्या पडल्या माझ्याकडं बघत राहिले. थंडी सरायच्या आत आबा गेले.

त्यांचं दिवसपाणी झाल्यावरच्या अमावास्येला मालकांनी ड्रम माझ्यापुढं ठेवला. परभणीहून आणलेला नवा ड्रम, त्यात बघण्यासारखं काही न्हवतं. तरी मी डोळे मिटून करंगळी फिरवली. पुरता वेढा झाला, नख कुठंच अडकलं न्हाई, आणि मला रडू आवरेना. सासूबाई दारातून बघत होत्या, तरी मालकांनी माझा हात धरला.