डाव्या पायाची सीट

बाबांचा डावा गुडघा वाकत नाही. फार वर्षांपूर्वी माजिवड्याला त्यांची रिक्षा उलटली, पायात सळई बसवावी लागली, आणि तेव्हापासून तो पाय क्रिकेटच्या बॅटीसारखा सरळ असतो. डोंबिवलीत त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. नाटकाचं बुकिंग सुरू झालं की ते स्वतः तिकीटखिडकीवर जायचे, खुर्च्यांचा तक्ता पुढ्यात ओढून घ्यायचे आणि जिच्या डाव्या हाताला मोकळी वाट आहे तीच खुर्ची मागायचे. ती गेलेली असेल तर नाटकही गेलं. नट कितीही मोठा असो.

माझी थोरली बहीण परदेशात असते. तिचं दिवसाआड डायलिसिस चालतं, म्हणजे तिचं इकडे येणं संपलंच. आम्ही तिला अक्का म्हणतो. एका रविवारी बाबा तिला फोनवर म्हणाले, "तू नको येऊस, मीच येतो." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"पाय सरळ ठेवता आला तर जाईन. नऊ तास हा पाय घेऊन कुठंतरी कोंबून बसायचं असेल, तर तिला सांग, बाबांचं रद्द झालं."

"मी का सांगू? बोललात तुम्ही."

"म्हणून तर सीट तू शोधायचीस."

मी घोडबंदर रोडला राहते. लॅपटॉप घेऊन डोंबिवलीला पोचेपर्यंत माणूस दुबईला उतरतो, पण मी गेले. विमान कंपनीच्या साइटवर खुर्च्यांचा नकाशा उघडला. बाबांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न टाकला.

"स्टेज कुठंय?"

"बाबा, विमान आहे."

"तोंड कुठल्या बाजूला करून बसायचं, ते विचारतोय. स्टेज खालीच असणार. तक्त्यात खालीच असतं." आणि त्यांनी ठामपणे बोट ठेवलं, "ही. डाव्या हाताला वाट. घे."

नकाशाच्या वरच्या टोकाला गोलसर काहीतरी काढलेलं होतं. ते काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "प्रवेशद्वार." इतकी वर्षं बुकिंग केलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? घेतली.

ते प्रवेशद्वार नव्हतं. ते विमानाचं नाक होतं. घरी आल्यावर मला चैन पडेना, म्हणून मी त्या विमानाची सगळी माहिती शोधून काढली: कुठलं मॉडेल, रांगेत किती खुर्च्या, कुठल्या खुर्चीखाली टीव्हीच्या यंत्राची पेटी बसवल्यामुळे पाय जात नाही. लोकांनी आपापल्या सीटवरून काढलेले फोटोसुद्धा सापडले. एका फोटोत अगदी बाबांचीच सीट, आणि वाट उजव्या हाताला. नाटकाच्या तक्त्यात स्टेज खाली असतं. विमानाचं तोंड वर होतं. डावं-उजवं सगळं उलटं झालेलं. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, की वाटेत पाय ठेवलात तर जेवणाची ट्रॉली घोट्यावरून जाते. म्हणजे नुसती वाट डावीकडे असून भागत नव्हतं. पुढे खुर्चीच नको होती.

मी फोन केला. "बाबा, स्टेज वर आहे."

"असा तक्ता कोण काढतो?"

त्यांच्या मते चूक तक्त्याची होती. मी जादा पैसे भरून पहिल्या रांगेतली सीट घेतली. समोर पडद्यासारखी भिंत, भिंतीपर्यंत चांगली ऐसपैस जागा, शिवाय वाटही डावीकडे. सोबतीला मी जाणार होतेच, माझी सीट साधी, मागची. बाबांनी बॅग भरायला घेतली. अक्काने तिकडे त्यांच्यासाठी उंच खुर्ची आणून ठेवली.

आणि निघायच्या तीन दिवस आधी कंपनीने विमान बदललं.

कळवलं नाही. मी सहज पाहिलं म्हणून दिसलं. मॉडेल दुसरं, रांगा दुसऱ्या, आणि बाबा मागे, मधल्या ओळीत, दोघांच्या मध्ये. मी पैसे भरलेली सीट आता नव्हतीच, त्यामुळे ती काढून घेतली असंही कुणी म्हणणार नव्हतं. या लबाडीला मी दाद देते. नाटकवाल्याने पहिल्या रांगेचे पैसे घेऊन ऐनवेळी बाल्कनीत बसवलं असतं, तर डोंबिवलीच्या प्रेक्षकांनी त्याला पार्किंगपर्यंत गाठलं असतं. इथे गाठायचं कुणाला? फोनवर बासरी वाजते. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई सांगते, पुन्हा बासरी. मग माणूस येतो आणि विचारतो, "मॅडम, पॅसेंजर पाय थोडासा वाकवू शकतील का?"

मी म्हटलं, "तुम्ही तुमची मान थोडीशी मागे वळवू शकाल का? पूर्ण मागे?"

फोन कट झाला. पुन्हा बासरी.

त्याच संध्याकाळी ॲपवर निरोप आला: अपग्रेडसाठी बोली लावा. वर एक काटा, लाल पिवळ्या हिरव्या कमानीवर. आपण रक्कम वाढवली की काटा हिरव्याकडे सरकतो आणि खाली लिहून येतं, तुमची शक्यता आता बरी आहे. म्हणजे पायाला जागा यांच्याकडे होती. माझी सीट यांनीच नाहीशी केली आणि आता तिच्याहून मोठी सीट लिलावात काढली. तरीही मी बाबांना विचारलं, बोली लावू का.

"ब्लॅकचं तिकीट मी जन्मात घेतलं नाही," ते म्हणाले. "अक्काला कळव."

"नाही कळवणार. तुम्ही बॅग बंद करा."

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही काउंटरवर उभे राहिलो. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं पत्र दिलं. काउंटरवरची मुलगी मराठीच होती. "काकू, सिस्टिम तशी सीट दाखवत नाहीये," ती म्हणाली. तिचा काय दोष, पण त्या दिवशी कंपनीचा चेहरा म्हणून तीच समोर होती.

मी पिशवीतून बाबांचा एक्स-रे काढला. चांगला लांबरुंद, सळई आणि स्क्रू सगळं असलेला. तो दोन्ही हातांनी काउंटरवरच्या दिव्यासमोर धरला.

"हा तो पाय. तुमच्या सिस्टिममधल्या कुठल्या सीटमध्ये हा बसतो, ते मला दाखवा. इथेच दाखवा. मी हात खाली करणार नाही."

रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. बाबा संकोचाने मरतील असं मला वाटलं. ते माझ्या कानाशी वाकले.

"जरा वर धर. मागच्यांना दिसत नाहीये."

मी वर धरला. मागून एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, केवढी ती सळई." कुणीतरी साहेब आला, एक्स-रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दोन बटणं दाबली. पहिली रांग, डाव्या हाताला वाट. बाबांपुरती, मी होते तिथेच, मागे.

दोन बटणं. ती सीट होतीच. तीन दिवस बासरी ऐकत होते तेव्हाही ती रिकामीच असणार, जास्त पैसे देणाऱ्याची वाट बघत.

"बाबा, एकटे बसाल?"

"नाटकाला आई आणि मी कितीदा वेगवेगळे बसलोय," ते म्हणाले. "मध्यंतरात भेटू."

जेवणं झाल्यावर मी पुढे गेले. पाय भिंतीपर्यंत सरळ, वर पांघरूण, बाबा गाढ झोपलेले. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मी एकीत जरा टेकले, तर हवाईसुंदरी आली आणि हळूच म्हणाली, या सीटला जादा चार्ज आहे. मी उठले. बाबा झोपले होते म्हणून मी काही बोलले नाही. नाहीतर तिथे दुसरा अंक झाला असता.

हे मी अक्काच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बाहेर बाबा उंच खुर्चीत बसून तिला एक्स-रेचा प्रसंग तिसऱ्यांदा सांगताहेत, आणि आता त्यात रांगेतल्या लोकांनी टाळ्याही वाजवल्यात. डायलिसिसहून आलेली अक्का दमलेली आहे, पण पोट धरून हसतेय. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, की सकाळी परतीचं विमान बदललेलं दिसलं आणि बाबा पुन्हा मधल्या सीटवर आहेत. एक्स-रे मी मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत ठेवलाय.