राजूरच्या बाजारात घेवड्याचं बी

माझी बायको शांता मंगळवारी गेली. बुधवारी आम्ही तिला चर्चमागच्या दफनभूमीत पुरलं. गुरुवारी माझ्या बहिणीनं पाहुण्यांसाठी डब्यातला घेवडा राख धुऊन शिजवला. ते शांतानं राखेत घोळून ठेवलेलं बी होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही दोन घास खाल्ले.

हे बी तिनं राजूरकडच्या शाळेत नोकरीला असताना आणलं होतं. नगरच्या आमच्या गच्चीत ती दरवर्षी ते लावायची. पाऊस लागायच्या आत पुन्हा मिळवावं म्हणून मी एसटीनं निघालो.

अकोले गावापर्यंत ऊस सोबतीला असतो. पुढे रस्ता चढू लागतो आणि बांध घातलेली भाताची लहान खाचरं दिसू लागतात. शेजारच्या बाईंच्या टोपलीतली कोंबडी माझ्या पिशवीवर चोच मारत होती.

"खायाचं असंल कायतरी," बाई म्हणाल्या. "तिला बराबर कळतं."

पिशवीत चपात्या होत्या. तिला तुकडा दिला, तेव्हा ती थांबली.

राजूरला बाजार भरला होता. कोयते, घोंगड्या, सुकट, हिरड्यांची पोती. चहाबरोबर इथला खरपूस पेढा खाल्ला आणि कडधान्यं घेऊन बसलेल्या एका आजींपाशी थांबलो.

"घेवड्याचं बी आहे का? पांढरं, काळ्या ठिपक्यांचं?"

"ह्यो खायाचा हाय. बी आमी इकत न्हाई."

"घरात होतं. चुकून शिजवलं."

आजी शेजारणीकडे वळल्या. "आइकलं का गं? ह्यांनी बियानं खाल्लं."

"ग्वाड लागलं का, भाऊ?" शेजारीण म्हणाली.

"लागलं. बायकोनं ठेवलेलं होतं. ती वारली."

आजींनी कमरेची चंची सोडली. "लेकीसाठी आनलं हुतं. निम्मं घ्या."

ठिपके तांबडे होते.

"काळं आता कुनी लावीत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी पाकीट काढलं.

"पैसं ठिवा. पिकलं की दुप्पट आनून द्यायचं. बियाची रीत हाय ती."

"तुम्ही भेटला नाहीत तर?"

"हिला द्या. ही न्हाई तर हितं बसंल तिला."

परतताना बसमध्ये मी रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होतो. शांताचं बी मिळालं नव्हतं. रुमालात दुसऱ्या कुणाच्या लेकीचा वाटा होता, आणि तो जगवायचा होता.

गच्चीत आता वेल आहे. शेंगा हिरव्या आहेत. वाळल्या की राजूरला जायचं आहे.