चेंडूमागे फिरणारा झोत

आधी अंधार. मग डोंगराच्या पायथ्याच्या मैदानावरचे उंच खांब एकामागून एक उजळतात आणि हिरवळीवरच्या पांढऱ्या रेघा नुकत्याच आखल्यासारख्या लखलखतात. शाळेच्या बँडमधला मोठा ढोल घुमू लागतो. पत्र्याच्या गार बाकांवर घोंगड्या अंथरलेल्या, हातात पेपरोनी सॉसेज भरलेले गरम पाव, तोंडातून वाफा. नदीपलीकडून कोळशाची मालगाडी शिटी देत जाते आणि कोणी मान वळवूनही बघत नाही. शुक्रवारची संध्याकाळ, शाळेच्या फुटबॉल संघाचा सामना. आमच्या हॅरोज बेंड या खाणगावात अशा वेळी घरी राहतात ती फक्त अंथरुणाला खिळलेली माणसं, आणि त्यांच्याही उशाशी रेडिओ असतो.

आता तिसऱ्या रांगेच्या मधोमध पाहा. नारिंगी शिकारी टोपी, रुंद खांदे, कमरेवर हात. सगळे बसलेले असताना हा एकटा उभा, आणि मागचं कोणी त्याला ‘बस रे’ म्हणत नाही. हा डेल्बर्ट फाझियो. आमचा डेल.

डेल कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. आयुष्यभर जमिनीखाली तारा जोडून वर आला, तेव्हा छाती अर्धी निकामी झाली होती, पण आवाज शाबूत होता. बायको, रोझमेरी, लवकर गेली. मुलगी रेनी नवऱ्यापासून वेगळी होऊन तान्ह्या नोलनला घेऊन परत आली आणि तीन घरं सोडून राहू लागली. नोलन वाढला तो मात्र आजोबाच्या मांडीवर, टीव्हीपुढे. आमच्याकडे आजोबाला ‘पॅपॉ’ म्हणतात. त्या पोराला ‘पॅपॉ’ आणि फुटबॉलमधला ‘टचडाउन’ हे दोन शब्द एकाच आठवड्यात आले, असं रेनी सांगायची.

माझी त्याची ओळख दुसऱ्या एका उजेडातली. रंगमंच सोडल्यावर मी या गावात हौशी मंडळींची नाटकं बसवू लागले, जुन्या बंद पडलेल्या सिनेमागृहात, आणि तिथला दिव्याचा झोत डेल सांभाळायचा. बोलणाऱ्या नटावर त्याचा झोत असा चिकटून असे, की नट धांदरट असला तरी प्रेक्षकांची नजर हलत नसे. मोठमोठ्या रंगमंचांवर काम केलं मी, पण उजेडावर असा हात फार थोड्यांचा पाहिला. मला तो थट्टेने ‘बाईसाहेब’ म्हणायचा आणि तालमीला येताना स्वतः भाजलेली बिस्किटं आणायचा. ती दगडासारखी असत. आम्ही सगळे ती आनंदाने खायचो.

पण गावात त्याची खरी प्रतिष्ठा होती ती त्याच्या फुटबॉलच्या ज्ञानाची. आमचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात, चेंडू फेकून, झेलून, पळवून, आणि हा खेळ म्हणजे तुकड्यातुकड्यांचं नाटक. दर डावाआधी खेळाडू थांबतात, कानात काहीतरी ठरतं, मग काही क्षणांची धुमश्चक्री. काय ठरलं ते बाकावरच्यांना ऐकू येत नाही. ते डेल सांगायचा. “बघा, ब्लिट्झ येतोय, सगळे एकदम अंगावर.” “कव्हर थ्री. कव्हर थ्री लावलंय पोरांनी.” रांगाच्या रांगा माना डोलवायच्या. चुकलं तर सगळे विसरून जायचे, खरं ठरलं तर ती गोष्ट हिवाळाभर चालायची. एकदा अंतिम सामन्यात चेंडूला लाथ मारायचं सोंग करून समोरचा संघ तो घेऊन पळत सुटला, ते डेलने आधी ओरडून सांगितलं होतं. त्या एका आरोळीवर त्याने कितीतरी वर्षं राज्य केलं. टाळी वाजवायची की नाही हे ठरवण्यासाठी बायका त्याच्या तोंडाकडे बघायच्या.

त्याच्या डाव्या हाताला कायम वेंडेल प्राइस. टपाल वाटून निवृत्त झालेला, डेलचा शाळेपासूनचा सोबती. वेंडेल म्हणायचा, “याला स्वतःच्या ट्रकचा गियर सापडत नाही, पण दुसऱ्या संघाच्या मनातलं बरोब्बर सापडतं.” दोघांचे नातू एकाच संघात होते आणि दोघंही बचावाच्या फळीत. डेलचा नोलन कडेला, एकवीस नंबरचा. वेंडेलचा टकर मधे, सगळ्यांच्या मागे.

ऑक्टोबरमधला तो सामना नदीपलीकडच्या गावाशी होता. म्हणजे हरलं तर वर्षभर पुलावरून जाताना मान खाली. आम्ही शेवटपर्यंत पुढे होतो. घड्याळात जेमतेम एक डाव उरला असताना त्यांच्या पोराने लांबवर चेंडू फेकला. त्यांचा एक खेळाडू नोलनच्या अंगावरून आत वळला, मैदानाच्या मध्यातून एकटाच पळत गेला आणि चेंडू त्याच्या हातात अलगद पडला. आसपास कोणी नव्हतं; सामना गेला. नोलन दूर कडेला उभा होता, पाठ फिरवलेला.

मैदान क्षणभर गप्प झालं. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “एकवीस! तुझा माणूस होता तो. तुझा. कुठे झोपला होतास?”

डेलचा आवाज सगळ्यांना माहीत होता. मग दोन्हीकडच्या रांगांनी ‘एकवीस, एकवीस’ असा घोष धरला. सख्ख्या आजोबानेच सांगितलं म्हटल्यावर कोणाला शंका? मी खालच्या रांगेत होते. नोलनने शिरस्त्राण काढलं, वर पाहिलं आणि परत घातलं. बाकीच्या पोरांनी काढली होती. त्याने मैदानाबाहेर पडेपर्यंत काढलं नाही.

शनिवारी गावाने ते आवडीने चघळलं. पावाच्या दुकानात एकाने रेनीला विचारलं, पोरगा घरी आला का, की अजून मैदानात माणूस शोधतोय. रविवारी डेलकडे स्पॅगेटीचं जेवण असे, रोझमेरीच्या वेळेपासूनचा रिवाज. त्या रविवारी नोलनची खुर्ची रिकामी राहिली. रेनीने बापाच्या ताटात वाढता वाढता सांगितलं की मंगळवारी तो सगळं सामान शाळेत परत करणार आहे, खेळ सोडणार आहे. आणि पॅपॉशी त्याला बोलायचं नाहीये. डेल म्हणाला, पोरं मनाला लावून घेतात, चुकला तो चुकला, मी खोटं का बोलू? रेनीने पातेलं टेबलावर आपटलं आणि निघून गेली.

त्याच दुपारी आमची तालीम होती. दुसऱ्या अंकात नायिका खिडकीशी एक वाक्य बोलते आणि त्यावर भाऊ आत येतो. ती वाक्य बोलली. भाऊ आलाच नाही, तो मागे कॉफी पीत बसला होता. ती बिचारी मधोमध उभी, हात कुठे ठेवावे कळेना, आणि डेलचा झोत तिच्या तोंडावर. समोर बसलेले दोघे-तिघे हसले, म्हणाले, विसरली, विसरली. मी ओरडले की ती काही विसरलेली नाही, तिने तिचं काम केलंय, जो आला नाही त्याला विचारा. आणि डेलला म्हटलं, उजेड काढ तिच्यावरून.

उजेड निघाला नाही. मी वर पाहिलं तर डेल झोताच्या दांडीला धरून तसाच बसला होता. मग म्हणाला, “बाईसाहेब, जो आलाच नाही, त्याच्यावर मी झोत टाकणार कसा?”

हे त्याने मला नाही, स्वतःला विचारलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमवारी सकाळी तो कोचच्या खोलीत गेला. कोच म्हणजे याच गावातला पोरगा, डेलच्या आरोळ्या ऐकत वाढलेला. डेलने सामन्याचं चित्रण दाखवायला सांगितलं. ते चित्रण टीव्हीसारखं नसतं. टीव्हीवरचा कॅमेरा चेंडूमागे पळतो. हे उंचावरून घेतलेलं असतं, सगळेच्या सगळे खेळाडू एकाच वेळी दिसतात. डेलने आयुष्यात पहिल्यांदा चेंडू सोडून बाकीच्यांकडे पाहिलं.

मागच्या फळीतली तीन पोरं. मैदानाचा मागचा भाग तिघांत वाटलेला, एकेक तिसरा हिस्सा. कडेचा हिस्सा नोलनचा. त्याच्यासमोरचा खेळाडू आत वळला, म्हणजे तो मधल्या पोराच्या हद्दीत गेला. नोलनने त्याला सोडला, कारण त्याच्या स्वतःच्या हद्दीत, कडेच्या रेषेवरून, दुसरा एक जण सुसाट येत होता. नोलन त्याच्याकडे वळला. जसं शिकवलं होतं अगदी तसं. आणि मधला हिस्सा रिकामा होता. समोरच्यांनी चेंडू आपल्याच गड्याच्या हातात दिल्याचं सोंग केलं, त्याला फसून तिथला पोरगा पुढे धावून गेला होता. टकर. वेंडेलचा टकर.

“यालाच कव्हर थ्री म्हणतात, मिस्टर फाझियो,” कोच म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं, असं डेल मला म्हणाला.

तू सांगितलं का नाहीस, असं डेलने त्याला विचारलं. कोच म्हणाला, या गावात मी कोणत्याही पोराचं नाव घेत नाही. आणि नोलननेच येऊन विनंती केली होती, की टकरचं नाव निघू देऊ नका.

शाळा सुटल्यावर डेल ट्रक घेऊन फाटकाशी थांबला. नोलन आत बसला, बहुधा सगळ्यांसमोर नाही म्हणायची लाज वाटली म्हणून. हा प्रसंग मला पुढे दोघांनीही सांगितला आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. डेल म्हणाला, मी पाहिलं, चूक तुझी नव्हती, आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगतो कोणाची होती ते.

“म्हणजे आता टकरवर ओरडणार,” नोलन म्हणाला. “तू ओरडलास की सगळे ओरडतात, पॅपॉ. तुला फक्त नंबर बदलायचाय.”

डेलने ट्रक सुरू केला. मग पोरगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ओरडलास त्याचं एवढं काही नाही. मला वाटलं तुला कळतं. कोचने चित्रण दाखवून समजावेपर्यंत मला खरंच वाटत होतं की चूक माझीच आहे. तू म्हणालास ना.”

घर आलं तसा तो उतरला. सामान परत करणार का, हे डेलने विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

दर सोमवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या सभागृहात गावकरी जमतात. कॉफी, घरून आणलेले केक, आणि कोच भिंतीवर शुक्रवारच्या सामन्याचं चित्रण दाखवतो. पोरांना तिथे प्रवेश नसतो. त्या सोमवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. डेल नेहमीसारखा पुढे बसला होता, शेजारी वेंडेल. मी मागे भिंतीला टेकून होते. डेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. त्याचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटचा डाव भिंतीवर आला. कोच घाईने म्हणाला की इथे गडबड झाली, आठवडाभरात दुरुस्त करू. पण मागून कोणीतरी म्हणालं, गडबड कसली, एकवीसने माणूस सोडला. हशा पिकला. दुसऱ्याने हाक दिली, डेल, सांग रे यांना. आणि सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळाव्यात तशा त्याच्याकडे वळल्या.

डेल उभा राहिला. नाटकात असा क्षण येतो, जेव्हा पुढचं वाक्य एकट्या एका नटाला ठाऊक असतं आणि सगळं सभागृह त्याच्या श्वासाकडे कान लावतं. भिंतीवर चित्र थांबलेलं होतं. मधला रिकामा हिस्सा तिथे उघडा पडला होता. कोणीही पाहावं. पण लोक चेंडूकडेच बघत होते.

“नोलनने जे करायचं तेच केलंय,” डेल म्हणाला. “ती हद्द त्याची नव्हती. मी ओरडलो ते चुकीचं होतं.”

कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, नातवाची बाजू घेतोय म्हातारा. डेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे असं होणार हे त्याला ठाऊक असणार. कोचने मान खाली घातली.

वेंडेलने त्याची बाही धरली. वेंडेलच्या मनात काही नव्हतं, तो प्रामाणिकपणे विचारत होता, नेहमीसारखा, डेलकडून शिकायला. “मग कोणाची होती रे, डेल? हद्द कोणाची होती?”

डेलने त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की वेंडेलने बाही सोडली. मग त्याने टोपी दोन्ही हातांत घेतली, त्या सगळ्या तोंडांकडे वळला, ज्यांनी वर्षानुवर्षं त्याचं तोंड बघून टाळ्या वाजवल्या होत्या. आवाज बारीक होता. मागे भिंतीपाशी मला तो जेमतेम ऐकू आला.

“मला माहीत नाही, वेंडेल. मला हा खेळ कधी कळलाच नाही. मी नुसता चेंडू बघत होतो.”